गाठोड्यातली कानबाई

११ ऑगस्ट ९६, रवि.
मायला गावाहून घेऊन गाडीनं उधन्याला उतरले. लिंबायतला घरापर्यंत रिक्षा केली. गाठोडं मांडीवर, मला हात लावू देईना. अंग अजून कढत. गावी सुभाषच्या ओसरीवर तापानं फणफणून एकटी पडून होती. शेजारच्या काकूंनी कळवलं म्हणून कळलं. सख्खा धाकटा भाऊ, पण राग जात नाही. आता माय इथंच राहील. ह्यांनी खाट खिडकीशी लावून दिली. "शेजारी माग दिवसभर खडखडतात, कानात कापूस घाला," म्हणाले. माय हसली नाही.

१४, बुध.
ताप उतरला. शाळेतून आले तर माय उंबऱ्यात. शेजारीण गुजरातीत विचारतेय, माय अहिराणीत सांगतेय, दोघींचं झकास चाललेलं. जीव भांड्यात पडला.

१७, शनि.
समोरच्या किराणावाल्याकडे सुभाषचा फोन. तब्येतीचं अक्षर नाही. "कानबाईचा नारळ देव्हाऱ्यात नाही. तू नेलास?"
घरी येऊन विचारलं. मायनं मुकाट गाठोडं सोडलं. लाल फडक्यात नारळ, नथ-डोळे लावलेला, मायच्या आजेसासूपासून चालत आलेला. नागपंचमीनंतरच्या रविवारी माहेरी ह्याचीच कानबाई, कुळाची देवी म्हणून, बसते. सगळे भाऊबंद जमतात.
माय, हे काय करून बसलीस?
"मी जठे, ती तठे."

१९, सोम. नागपंचमी
मायचे केस विंचरता विंचरता म्हटलं, मग इथंच बसवू की.
"आंडेरना घर कानबाई बठस का?"
लेकीच्या घरी नाही बसत. प्रसादाच्या रोटाचे गहू कुळातल्या पुरुषागणिक मोजायचे, खायचेही कुळातल्यांनीच. रांधीन मी, पण घास मला चालणार नाही. माहीत आहे, तरी लागलं. ताप आला तेव्हा कुठं होतं कुळ? बोलले तसंच. नको होतं बोलायला. माय जेवली नाही. हे म्हणतात, हट्टीपणात दोघी सारख्याच.

२२, गुरु.
ह्यांचं म्हणणं, नारळ द्या पाठवून, माय राहू द्या. सरळ आहे. मायला सांगितलं. तिनं गाठोडं जवळ ओढलं. मग,
"नारय गया ते माले कोन इचारी?"
नारळ गेला तर तिला कोण विचारणार. मी विचारते ते तिच्या लेखी धरायचंच नाही बहुधा.

२३, शुक्र.
सुभाष आला. मायच्या पाया पडला. चहा घेतला. परवा भाऊबंद दारात येतील, काय सांगू, हेच पुन्हा पुन्हा.
माय म्हणाली, "मी येस तुनासंगे."
हा फरशीकडं बघत म्हणतो, "तू ऱ्हाय आठेच. नारय दे फक्त."
कानफटात द्यावी वाटलं त्याच्या. पोळ्या लाटत राहिले.

२४, शनि., सकाळ
चहाच्या निमित्तानं आत येऊन लिहितेय. माय आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून खाटेवर. सुभाषनं रिक्षा थांबवलीय. गाडी चुकेल म्हणतो, हात पुढं केलेला. मी मध्ये पडून म्हटलं, नेतोस तर दोघींना ने, मायला नि कानबाईला, नाहीतर जा. तर म्हणाला, बरं, चल माय. लगेच! मला धडकी भरली. सोमवारी कानबाई बोळवली की पुन्हा तीच ओसरी. आणि नारळ देऊन माय इथं राहिली, तर नुसती बसून राहील, मला ठाऊक आहे.
माय देतही नाही, उठतही नाही. आत्ता हाक मारली.
"तू सांग व, काय करू?"
आजवर तिनं मला कधी काही विचारलं नव्हतं. चहा उतू गेला, उठते.