प्रोसेसर बसवायचा राहिलाय

दिघी,
दि. १४ नोव्हेंबर २०२५

चि. सनीस,
दादाचा सप्रेम जय भीम.

तू, स्वरूपा आणि पोरं नाशकात खुशाल असाल. इकडे तुझी वहिनी आणि पुतणी श्रद्धा बऱ्या आहेत. मीही ठीक. फोन सोडून दादा पत्र कशाला लिहीत बसला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आणि श्रद्धाच्या जुन्या वहीची कोरी पानं उरली होती, म्हणून ऐसपैस अक्षरात लिहितोय.

आपल्या जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला, हे तुला माहीत आहेच. तू पाठवलेली पार्टची यादी श्रद्धाने मला वाचून दाखवली. राग मानू नकोस, पण मी कॉम्प्युटर उघडायचो तेव्हा शेजारी टॉर्च धरून शिकलास माझ्याकडे आणि बोलतोस दुकानदारासारखं. "सगळं भंगारात घाल, नवा छोटा डबा घे." का घालू? कॅबिनेट अस्सल जाड पत्र्याचं आहे. आजकालची कॅबिनेटं बोटानं दाबली तरी आत जातात.

नवा प्रोसेसर घेतला की बोर्ड नवा, बोर्ड नवा की रॅम नवी. एक टाका उसवला की सगळी गोधडी उसवते. म्हणून मी जुन्याच सॉकेटचा, म्हणजे जुना प्रोसेसर बसेल असा बोर्ड शोधला. चिंचवडला जुने पार्ट विकणाऱ्या शेखरकडे मिळाला. त्याच्यासोबत सुटा, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर. प्रोसेसर जुना घ्यायला हरकत नाही, तो सहसा मरत नाही. रॅमही जुनी चालते, फक्त दोन्ही पट्ट्या एकाच वेगाच्या हव्यात. एसएसडी मात्र नवी. आणि सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस तर नवाच, चांगल्यातला. आपल्याकडे वीज कशी नाचते ते तू पाहिलंयस. तिथं काटकसर केली की बाकी सगळी काटकसर जळून जाते. ग्राफिक कार्ड घेतलं नाही, मला काय खेळायचंय?

शेखरने तेच विचारलं. कारण सगळ्यात आधी मी मॉनिटर उचलला होता, सत्तावीस इंची, सेकंडहँड.

"काका, एवढा मोठा? या वयात गेमिंग?"

"हो राव. रात्रभर गोळ्या झाडणार."

"मग ग्राफिक कार्ड घ्या की."

"गोळ्या हळू झाडणार."

तो हसला, मीही हसलो. घरी तुझी वहिनी हसली नाही. "अहो, जिथं तिथं घासाघीस करता आणि टीव्हीएवढा मॉनिटर आणता?" म्हणाली. मी म्हटलं, स्वस्तात पडला. तो स्वस्तात पडला नव्हता.

सनी, इथवर लिहून दोनदा चहा घेतला. आता पुढचं लिहितो.

मला नीट दिसत नाही. कधीपासून, ते मलाही सांगता येणार नाही. आधी वाटलं ट्यूब मंद झाली, मग वाटलं चष्मा घासला गेला. तू मेसेज पाठवतोस आणि मी नुसता अंगठा पाठवतो, त्याचं कारण हेच. गुपचूप भोसरीत डॉक्टरला दाखवलं. साखरेमुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आलीय, इंजेक्शनं घ्यावी लागतील. आहे तेवढी नजर टिकेल, गेलेली परत येईलच असं नाही, म्हणाला.

आणि माझं काम काय, तर बघणं. महाळुंग्याच्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनचं टेबल माझं. ब्रेकचे पार्ट. माझ्या हातून गेला की पेटीत आणि पेटीतून गाडीत. ग्राहकाकडून माझा एकही पार्ट परत आलेला नाही, हे मी सगळ्यांना ऐकवायचो. तूही ऐकलंयस, कंटाळेपर्यंत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शेजारच्या टेबलावरची दिपाली माझ्या ट्रेमधला एक पार्ट उचलून म्हणाली, "काका, लक्ष कुठंय? काकूंनी डबा नाही दिला का आज?" तिनं बोट ठेवलं तिथं मला काहीच दिसेना. नख फिरवलं तेव्हा लागलं. केसाएवढी भेग. तिनं पार्ट रिजेक्टच्या लाल पेटीत टाकला, कुणाला बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती माझा प्रत्येक ट्रे स्वतःच्या कामातून वेळ काढून परत बघायला लागली. चेष्टा करायचीही थांबली. ते मला जास्त लागलं.

डिसेंबरात कंपनीची डोळ्यांची तपासणी असते. अक्षरांचा तक्ता फर्स्ट-एडच्या खोलीत कायमचा टांगलेला, दरवर्षी तोच. डोकं दुखतंय म्हणून मी तिथं गेलो, अगदी जवळ उभा राहून सगळ्या ओळी पाठ केल्या. उलट्या-सुलट्या, डावीकडून, उजवीकडून. पाठांतर माझं पक्कं, तुला माहीत आहे. झोपेतही म्हणून दाखवीन.

त्याच दिवशी घरी जाताना निघोज्याच्या उतारावर माझ्या पुढे एक बाई चालली होती, स्कूटीवर मागं दोन लेकरं. तिनं ब्रेक दाबला, मागचा लाल दिवा लागला. एवढंच. पण मला गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं.

सकाळी साहेबांना सांगितलं. तक्ता पाठ केल्याचंही सांगितलं. साहेबांनी माझ्या ट्रेंचं रजिस्टर मागवलं. मग म्हणाले, "भीमराज, आजपासून टेबलावर बसू नका." दिपाली पार्ट परत तपासत होती, पण तिनं सुरू करण्याआधीचे आणि ती सुट्टीवर होती तेव्हाचे ट्रे होते. ते गोदामातून काढून पुन्हा बघायला लावले. त्यात काही सापडलं नाही, पण तपासणी संपेपर्यंतचे ते तास मला कुणाला सांगता येणार नाहीत.

ऑफिसात तपासणीचे रिपोर्ट कॉम्प्युटरवर भरायची एक जागा आहे. महिनाअखेर मला बसवून बघणार. जमलं तर ठेवतील, नाही जमलं तर हिशेब करून घरी. सॉफ्टवेअर मी शिकेन, ती काळजी नाही. अक्षर मोठं करून घरी सराव हवा, म्हणून तो मॉनिटर.

पार्ट सगळे आलेत, पण प्रोसेसर अजून बसलेला नाही. मीच बसवायला घेतला होता. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण जुळवायचा असतो, मी तो अंदाजाने जुळवला आणि सॉकेटच्या पिना वाकवल्या. किती, तेही मला दिसत नाही. बोर्ड शेखरकडे नेला असता, पण मला दिसत नाही हे त्याला कळू द्यायचं नाही.

तुझ्या वहिनीला कालच सांगितलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. पत्र टाकते म्हणाली, पण आधी लिहा. श्रद्धाला अजून सांगितलेलं नाही. तू आलास की दोघं मिळून सांगू.

गुरुवारी मला सुट्टी. तू एक रजा टाक आणि ये. बारीक चिमटा आण. पिना तू सरळ कर.

या वेळी टॉर्च मी धरतो.

तुझा,
दादा