आईची परीक्षा

प्रिय धाकटे,

तुझा अहवाल पोचला. गुळगुळीत मुखपृष्ठावर निळ्या पट्टीवरून चालणारी दोन पावलं. चेहरा नाही, पण शेजारच्या बोटावर चढलेला आईचा तो अंगठा मी कुठेही ओळखीन. आईने फोटो डोळ्यांशी नेऊन पाहिला आणि शेजारच्या काकूंना दाखवायला कपाटात वरच ठेवला. मी आतलं वाचलं. गुडघेदुखीच्या बऱ्याच म्हाताऱ्या बायकांना म्हणे ‘तातडीच्या उपचारांची गरज आढळली नाही’. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दीड वर्षापूर्वी तुझ्या संशोधनासाठी विद्यापीठात झालेल्या त्या तपासणीआधी तू तीनदा फोन करून बजावलं होतंस, की आदल्या दिवसापासून दुखण्याची गोळी घ्यायची नाही. आई हो हो म्हणाली. दोन दिवस पलंगावरून उतरली नाही, पाय राखून ठेवत होती. निघताना मात्र गोळ्यांची पट्टी माझ्यापुढे धरली, तिच्या बोटांनी गोळ्या निघत नाहीत म्हणून. मी मनाईची आठवण दिली, तर म्हणाली, "आज धाकटीची तिच्या सरांसमोर परीक्षा आहे. मी लंगडले तर लोक म्हणतील, हिला स्वतःच्या आईचे गुडघे बरे करता येत नाहीत."

मी दोन गोळ्या काढून दिल्या.

पुढचं तू पाहिलंसच. तू घड्याळ लावलंस आणि आई जमिनीवरच्या त्या निळ्या पट्टीवरून अशी चालली, जशी लग्नघरात मिरवतेय. गोळी घेतली का, तर नाही. दहापैकी दुखतं किती, तर दोन. तुझे सर खूश, तू खूश, आणि मी बाकावर तोंड शिवून बसले होते. त्या आकड्यांवरून आई ‘सौम्य’ ठरली आणि घरी येऊन व्यायाम शिकवणारी बाई दुसऱ्यांच्या वाट्याला गेली. मी फोन केला तेव्हा तू शांतपणे म्हणालीस, नियमाबाहेर कुणाला घेता येत नाही. आईलाही नाही.

नियम मला कळतो गं. पण तू याच घरात वाढलीस. कठडा धरून, आडवं होत जिना उतरणारी आई तू किती वर्षं पाहिलीस! आणि विश्वास ठेवलास तो हातातल्या घड्याळावर. दीड वर्ष हा राग मी गिळतेय, कारण गोळ्या माझ्याच हातून गेल्या होत्या.

गेल्या महिन्यात आई पलंग आणि न्हाणीघराच्या मध्ये पडली. हाड वाचलं, पण हिंमत गेली. रुग्णालयाने तुमच्याच तपासणीचा कागद पाहून ‘सौम्य’ म्हणत चार महिन्यांनंतरची तारीख दिली. आणि काल तुमचं पत्र आलं: दुसरी फेरी, तीच प्रयोगशाळा, येत्या सोमवारी. तेव्हापासून आई पुन्हा पाय राखून पडून आहे. आज दुपारी तिने गोळ्यांची पट्टी माझ्या हातात दिली. मी ती खिशात घातली आणि तुला लिहायला बसले. मी तिला तिकडे आणणार नाही. तूच ये, घड्याळ घेऊन ये. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत अकरा पावलं आहेत, तेवढी मोज. जुन्या आकड्याखाली लिही, की गोळ्या थोरल्या मुलीने दिल्या होत्या. मला लाज वाटेल, वाटू दे. फक्त आल्यावर आईला कळू देऊ नकोस, की ही तुझी परीक्षा आहे.

तुझीच,
ताई