आपल्या आपल्यातला फोटो

४ फेब्रुवारी
'गायरान आपलं' ग्रुप आता चांगलाच भरला. वर्षभर दुसरं केलं काय? दुकानात झेरॉक्सला येईल त्याचा नंबर घ्यायचा आणि ग्रुपात टाकायचा. वारंगा फाट्यावर दुकान असल्याचा एवढा तरी फायदा. मिलिंद म्हणतो, "मतदारयादी करून राहिलीस का तू?" नवऱ्याला टोमणे मारायला कारण लागत नाही. मला मात्र बरं वाटलं. गायरानातली पळसं, हिवरं, सीताफळं वाचवायची तर माणसं पाहिजेत. सकाळी ढीगभर शुभ प्रभात, कुणाकुणाचे वाढदिवस. कामाचा मेसेज एकच, तोही माझा.

१० फेब्रुवारी
झाडांना आळी करायला या म्हणून टाकलं होतं. जोडलेल्या हातांची रांग लागली ग्रुपात. आले किती? मी, मिलिंद (ओढून नेला म्हणून) आणि तांड्यावरची शोभा राठोड. हात जोडले म्हणजे येतो की आम्हाला माफ करा, हे एकेकाला फोन करून विचारावं लागेल आता.

शोभा हळद काढायची मजुरी बुडवून आली होती. काहून बुडवली म्हटलं, तर म्हणाली, "शेळ्या माह्याच चरतेत इथं. दुसरं कोण येईन?" दुपारपर्यंत एकटीनं आमच्या दोघांपेक्षा जास्त खणलं. मिलिंदची कंबर धरली आहे, दिवसभर कण्हून राहिला.

१७ फेब्रुवारी
शोभाला दुकानात बसवून ग्रुपात फोटो कसा टाकायचा ते शिकवलं. मोबाइल तिच्या नवऱ्याचा, विलासचा जुना. काच तडकलेली, पण चालतो. गायरानात काही वावगं दिसलं की टाकत जा म्हटलं.
"कोनी काही म्हणन तर?"
मी म्हटलं, टाक बिनधास्त, आपलाच ग्रुप आहे, मी आहे ना.

२३ फेब्रुवारी
टाकला तिनं. गायरानाच्या वरच्या अंगाला जेसीबी, मुरुमानं भरलेला ट्रॅक्टर, नंबरसुद्धा वाचता येतो. दोन पळसं मुळासकट आडवी, फुलं अजून तशीच लाल. खाली तिचा आवाज: "ताई, हे बघा, सकाळपासून खोदून राहिले."

लिहायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. तलाठ्याकडं पुरावा काय न्यायचा म्हणून एवढे दिवस रडत होते. लगेच लिहिलं, शाब्बास शोभा. चांगलं नावानिशी. खाली अंगठेच अंगठे.

संध्याकाळी दुकान बंद करताना लक्षात आलं, मुरूम नेणाऱ्या ठेकेदाराचा पुतण्याही ग्रुपात आहे. मीच घेतला होता. मार्कशीटची झेरॉक्स करायला आला होता. त्यानं काहीच लिहिलेलं नाही. पाहिलं मात्र आहे.

२५ फेब्रुवारी
विलासला कामावरून काढलं. याच ठेकेदाराचा दुसरा ट्रॅक्टर चालवायचा तो, पलीकडच्या रस्त्याच्या कामावर. मला माहीत नव्हतं. शोभाला तर माहीत होतं, मग टाकला काहून?

तांड्यावर गेले. ती ज्वारी निवडत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं ग्रुप म्हंजे आपल्या आपल्यात. बाया बसतेत बोलत, तसं. तुमीच म्हणले ना, आपलाच ग्रुप."

विलास बाजेवर होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "ताई, ग्रुपात काम भेटते का?"

निघताना शोभा म्हणाली, तेवढा फोटो काढून टाका. घरी येऊन काढला. काढून काय होतं, जायचा तिथं तो गेला आहे.

२६ फेब्रुवारी
ग्रुपात लिहिलं की शोभानं आपल्या सगळ्यांसाठी केलं, विलासला कुठं काम असेल तर सांगा. परत तेच जोडलेले हात. एकानं 'दुःखद' लिहिलं, जसं कुणी वारलं. एक रिटायर गुरुजी म्हणाले, ताई, ग्रुपवर वैयक्तिक विषय नको. त्याच्या खाली केकचा फोटो. डोकं फिरलं माझं. गिऱ्हाईकावर उगाच खेकसले.

शोभा ग्रुपातून निघून गेली. निरोप नाही, काही नाही.

२७ फेब्रुवारी
तलाठ्याचा अर्ज टाइप करून तयार आहे. सोबत शोभाचा फोटो लावता येत नाही, लावणार नाही. मिलिंद म्हणाला, "मग तू जा. तुझा फोटो, तुझी सही." बोलला ते बराबर आहे. इतके दिवस दुसऱ्यांना टाका टाका म्हणत होते.

१ मार्च
गेले. खड्डा फार मोठा झाला आहे, कडेला मुळं लोंबून राहिली. फोटोत माझं तोंडही येईल असा काढला, म्हणजे कुणी काढला हा प्रश्नच नको. जेसीबीवाला उद्धट नव्हता. म्हणाला, "मॅडम, बाजूला व्हा, ढेकळं अंगावर येतील." मी तिथंच उभी राहिले. आळी केलेली झाडं अजून आहेत. चार-आठ दिवसांत खड्डा तिथवर पोचेल.

२ मार्च
फोटो ग्रुपात टाकायच्या, अर्ज द्यायच्या आधी शोभाला फोन केला. वाटलं, खूश होईल.

"टाकू नका ताई. त्यायला वाटन मीच बोलावलं तुमाला. उद्या विलास चाल्ले त्यायच्या घरी, हातापाया पडाले. ठेवलं कामावर तर ठेवलं."
"आणि नाही ठेवलं तर?"
"मंग जातो पुण्याला, बांधकामावर. शेळ्या इकून टाकू. मंग टाका तुमी, काय टाकायचं ते."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

म्हणजे विलासला परत घेतलं तर मी गप्प बसायचं आणि गायरान जाणार. नाही घेतलं तर मी मोकळी, पण शोभा जाणार. फोन ठेवल्यावर पहिला विचार काय आला? त्याला घेतलं नाही तर परवा सकाळीच अर्ज देता येईल. आला खरा. मिलिंदला सांगितलं नाही.

विलासला काम मिळावं, असंच मला वाटतं. वाटायला पाहिजे.