दोन शिट्ट्यांच्या मधलं इंग्रजी

६ जानेवारी, सोमवार

“जा. मी हाय इथं.”

आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं वाक्य. आज अचानक आठवलं — क्लासचा जिना चढताना! लग्नानंतरचं दुसरं वर्ष. नर्सिंगला नंबर लागल्याचं कळलं आणि चितेगावच्या घरात सगळे गप्प. परक्या माणसांची घाण काढायला आपल्या घरची सून? असं कुणी तोंडानं म्हणत नव्हतं, एवढंच. आत्याबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता बोलल्या. विषय संपला. सासूनंच सांगितल्यावर कोण काय बोलणार!

लेक दीपमाला तान्ही असताना पुण्याचं ट्रेनिंग आलं. तेव्हाही हेच वाक्य. आणि मागच्या महिन्यात आमच्या वॉर्डातली आणखी एक पोरगी आयर्लंडला गेली, ते मी घरी सांगत होते. नुसतं सांगत होते, बातमी म्हणून. तर म्हणाल्या, “मग तू का नाय जात? जा की. मी हाय.”

म्हणून मी, शीला, वय चव्वेचाळीस, नवजात बाळांच्या वॉर्डातली सिस्टर, आजपासून पुंडलिकनगरातल्या इंग्रजीच्या क्लासला! आयेल्ट्स नावाची परीक्षा. नऊपैकी सात बँड हवेत. आत शिरले तर सगळी पोरं उठून उभी राहिली — “गुड इव्हिनिंग, मॅडम!” त्यांना वाटलं, मीच शिकवणार. मी मुकाट्यानं मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा हशा पिकला.

खऱ्या मॅडम नंतर आल्या. राजनंदिनी मॅडम. माझ्या निम्म्या वयाच्या. हसल्या की खळी पडते.

९ जानेवारी

आलेख दिला होता — एका देशात चहा किती खपला, कॉफी किती खपली. त्यावर दीडशे शब्द लिहायचे. मला वाटलं, सोपं आहे, तापाचे तक्ते तर रोज वाचते! लिहिलं आणि राजनंदिनी मॅडमनी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. मराठीत सांगायचं तर असं — ‘चहा स्थिर. रात्रभर काही तक्रार नाही. कॉफीची प्रकृती दुपारनंतर खालावली. लक्ष ठेवावे.’

ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला सांगतो, अगदी तसंच झालं होतं!

“मॅडम, कॉफी वाचेल ना?” मागून एक कार्टं.

११ जानेवारी

लिहिणं जमेल. बोलणं हा खरा घोटाळा. एक विषय देतात आणि त्यावर दोन मिनिटं सलग बोलायचं. सराव कुणापुढं करायचा?

सुदर्शन — चौथ्या वाक्याला “व्हेरी गुड, व्हेरी गुड” म्हणत मॅचचा आवाज वाढवतो. कंपनीतून दमून आलेला नवरा, त्याला काय बोलणार. दीपमाला अकरावीत आहे. ती प्रत्येक शब्दाला थांबवते — “मम्मी, व्ही आणि डब्ल्यू वेगळे असतात गं!” मग मला पुढचा शब्दच सुचत नाही.

शेवटी आत्याबाई म्हणाल्या, “मला सांग. मला काय बी कळत नाय, म्हंजी चुका बी कळायच्या नाईत.”

१२ जानेवारी

पद्धत ठरली. संध्याकाळी कुकर लावायचा. आत्याबाई लसूण सोलत बसणार. पहिली शिट्टी झाली की मी सुरू, दुसरी झाली की बंद. आमच्या कुकरला मधे साधारण तेवढाच वेळ लागतो.

आज विषय — माझं आवडतं फळ. संपल्यावर निकाल जाहीर झाला : “मधी मधी अं-अं लई करतीस. आन् एका जागी तर गाडी बंदच पडली व्हती. तिथं काय झालं?”

तिथं मला सीताफळाचं इंग्रजी नाव आठवत नव्हतं. या बाईला इंग्रजीचं अक्षर येत नाही आणि मी नेमकी कुठं अडले ते कळतं!

१४ जानेवारी

संक्रांत. आत्याबाईंनी तिळगूळ हातावर ठेवला. “गोड बोल. आन् सलग बोल.”

१९ जानेवारी

आज विषय होता जवळची व्यक्ती. शिट्टी झाली. मी सुरू केलं — “माय हजबंड्स नेम इज सुदर्शन.”

आत्याबाईंचा हात थांबला. “आगं, नाव घेतलंस त्याचं?”

एरवी त्यांच्यासमोर मी ‘हे’च म्हणते. म्हटलं, “आत्याबाई, परीक्षा आहे. इंग्रजीत चालतं.”

“इंग्रजीत चालतंय?”

“चालतं.”

पुन्हा लसूण सोलायला लागल्या. मी आपली सुदर्शनचे गुण सांगत राहिले. दुसरी शिट्टी झाली, गॅस बंद केला. तेव्हा हळूच म्हणाल्या, “मग मला बी सांग ते. कसं म्हणायचं?”

सांगितलं. दोनदा ओठांतल्या ओठांत घोळवलं. दाराकडं पाहिलं, कुणी येत नाही ना! आणि म्हणाल्या, “माय हजबंड नेम… त्रिंबक.”

मामंजींना जाऊन किती वर्षं झाली. मतदार यादीवाला दारात आला आणि नवऱ्याचं नाव विचारलं, तर अजून मला पुढं करतात — “तू सांग गं.” आणि आज! पदर तोंडाला लावून पोरीसारख्या हसल्या. मग परत म्हणाल्या. मग परत. शेवटी तर आधीचं इंग्रजी गळूनच गेलं. नुसतं “त्रिंबक.”

मी कुकर उघडायला उठले. वाफ अजून गेली नव्हती, तरी उठले.

२७ जानेवारी

परदेशी पाठवणाऱ्या एजंटच्या ऑफिसात गेलो होतो, मी आणि सुदर्शन. सगळं नीट समजावलं त्यानं. आधी मी जायचं, मग नवरा आणि मुलगी. सुदर्शननं विचारलं, “आणि आई?” आई-वडिलांना नाही नेता येत, एजंट म्हणाला. भेटीला येऊ शकतात.

घरी सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, “मला कशाला न्यायचं? मी काय सामान हाय का? मी चितेगावला ऱ्हाईन, शिवशंकरकडं. त्याची बायको काय मला उपाशी मारती का?” धाकटा दीर चांगला आहे, जाऊबाईही चांगली आहे. सगळं खरं.

पण त्या माझ्याजवळ राहतात, मी आले तेव्हापासून.

३ फेब्रुवारी

निबंध : म्हाताऱ्या माणसांनी कुटुंबात राहावं की वेगळं? दोन्ही बाजू मांडा आणि स्वतःचं मत द्या.

दोन्ही बाजू झक्क मांडल्या. राजनंदिनी मॅडम कागद फिरवून बघतात — “ताई, तुमचं मत कुठंय? शेवटचा परिच्छेदच नाही!”

म्हटलं, वेळ संपली.

“पाच मिनिटं होती अजून. काहीही लिहायचं. खोटं लिहा, खोटं बोला, पण सलग! तुमचं मत खरं आहे का, हे कुणी तपासत नाही.”

पोरी, तेच तर! मला तपासावं लागतं ना.

९ फेब्रुवारी, रविवार

वेरूळला गेलो. आत्याबाईंचा हट्ट — परीक्षेआधी घृष्णेश्वराला नारळ. दर्शन झालं, मग लेण्यांकडं. तिथं टोपीवाली एक गोरी बाई बाटलीतलं पाणी पीत उभी. आत्याबाई थेट तिच्यापुढं! माझा हात धरून म्हणतात कशा — “माय सून. इंग्लिश. आयर्लंड.”

मला वाटलं धरणी दुभंगावी. वर मलाच दटावतात, “बोल की! कशाला शिकलीस मग?”

बोलले. कुठून आलात, लेणी आवडली का. बाई डोळे मोठे करून ऐकतेय, मान हलवतेय. शेवटी कळलं, ती फ्रान्सची होती आणि तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं! ती अडखळायला लागली तेव्हा आत्याबाई मला कोपरानं ढोसून — “हिला बी क्लासला घाल.”

परतताना दीपमालाला हसून हसून उचक्या लागल्या. आत्याबाईंनी मात्र प्रसादाचं खोबरं त्या बाईलाही दिलं होतं.

१३ फेब्रुवारी

अजून परीक्षा झाली नाही आणि घरात येसर तयार! धान्य भाजून, मसाला घालून, दळून डबा भरून ठेवलाय. “तिकडं येसर मिळत नसंल. आमटीला काय घालशील?”

म्हटलं, नापास झाले तर?

“तर इथंच खाऊ.” हे मात्र लई सहज म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. तोंडावर काहीच नाही. पीठ चाळत होत्या.

१४ फेब्रुवारी

विषयांच्या चिठ्ठ्या करून डब्यात ठेवल्यात, त्यातली आत्याबाई उचलतात. आजची — दूर गेल्यावर जिची आठवण येईल अशी व्यक्ती.

शिट्टी झाली. एकदम सुरू झाले. इंग्रजीत सांगितलं की ही बाई चहा बशीत ओतून पिते आणि बशी माझ्याही पुढं करते. की माझ्या पोरीला पहिला घास तिनं भरवला, कारण मी पुण्याला होते. की ती मला कायम ‘जा’ म्हणाली आणि मी कायम गेले. की मला तिची सवय झालीय. तिला माझी झाली की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. झाली असती तर एकदा तरी…

दुसरी शिट्टी.

“आज अडखळली नाय,” आत्याबाई म्हणाल्या. “एकदा बी नाय! कुणावर बोललीस?”

“आमच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई आहेत ना, त्यांच्यावर.”

“बरं.” लसणाची सालं फुंकली. “डॉक्टरणीसाठी डोळे पुसत्यात व्हय?”

“फोडणीचा धूर झाला.”

“फोडणी अजून टाकलीच नाय तू.”

२० फेब्रुवारी

वॉर्डात आज नऊशे ग्रॅमचं बाळ घरी गेलं. वजन वाढलं होतं अर्थातच! त्याची आई जाताना म्हणाली, “सिस्टर, तुम्ही होत्या म्हणून मला घरी झोप लागायची.” दुसरं काही लिहायचं नाही आज.

२२ फेब्रुवारी, शनिवार

झाली परीक्षा!

आत्याबाई रिक्षात चढून बसल्याच, सोबत दह्याचा डबा. घरी कशाला द्यायचं, सांडेल, दारात देते म्हणे. परीक्षा केंद्राच्या फाटकात, सगळ्या जीन्सवाल्या पोरांसमोर, माझ्या तळहातावर दही-साखर! मी “जाते” म्हणाले तशी डोळे वटारले — “येते म्हण.” “येते, आत्याबाई.”

आत बोटाचा ठसा घेतात, परीक्षा देणारा तोच का ते बघायला. मशीन माझं बोट घेईना! एकदा, दोनदा. रखवालदार वैतागला — “आंटी, हाथ को क्या लगा है?”

“दही.”

“दही?”

“और शक्कर.”

मागची रांग फुटलीच हसून. टेबलावरच्या मुलीनं ओला कागद दिला. पुसलं, ठसा उमटला. तिची आई पण देते, म्हणाली.

लेखन बरं गेलं. ऐकण्याच्या भागात एक पत्ता हुकला. बोलण्याच्या परीक्षेत समोर शांत चेहऱ्याच्या बाई. विषय आला — तुमच्यापेक्षा मोठी अशी एखादी व्यक्ती, जिच्याशी बोलायला आवडतं.

काहीही बनवावं लागलं नाही. बोलत सुटले. शिट्टी नव्हती ना! थांबायचं कधी, तेच कळेना. बाईंनी हात वर करून थांबवलं आणि जरा हसल्या. परीक्षकांनी हसायचं नसतं म्हणे.

बाहेर आले तर आत्याबाई झाडाखाली बसलेल्या, शेजारी कुणा मुलाची आई. तिला नवऱ्याचं नाव इंग्रजीत कसं घ्यायचं ते शिकवत होत्या!

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. भगर, शेंगदाण्याची आमटी. निकाल अजून नाही. सुदर्शन दर तासाला फोन उघडायला लावतो. मी म्हटलं, पेशंटला सारखं हलवू नये.

२८ फेब्रुवारी

साडेसात!! बोलण्यात आठ!

दीपमालानं एवढी किंकाळी फोडली की शेजारच्या आशाबाई लाटणं घेऊन धावत आल्या. सुदर्शन पेढे आणायला पळाला, दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला. राजनंदिनी मॅडमचा फोन — “ताई, आता मुलाखत, मग व्हिसा. उन्हाळ्यात तुम्ही तिकडं!”

आत्याबाईंच्या पाया पडले.

“पास?”

“पास.”

“मग जा. मी हाय इथं.”

आणि येसराचा डबा कपाटातून काढून झाकण घट्ट आहे का ते बघायला लागल्या.

संध्याकाळी सवयीनं कुकर लावला. त्याही सवयीनं लसूण घेऊन बसल्या. पहिली शिट्टी झाली. मला बोलायला विषयच नव्हता. दुसरी शिट्टी होईपर्यंत दोघी तशाच. सोलून झालेल्या पाकळ्याच त्या परत परत सोलत होत्या.

१ मार्च

आज संध्याकाळी, पहिली शिट्टी झाली की बोलणार आहे. मराठीत. सकाळपासून मनात घोळवतेय आणि चार शब्दांत चारदा अडखळतेय — आठ बँडवाली!

मी मागतेय ते त्या बोलल्या, तर मी राहीन का? माहीत नाही. म्हणणार नाहीत, हे माहीत आहे. वेडी का काय, म्हणतील आणि लसूण माझ्याकडं सरकवतील. तरी विचारणार.

आत्याबाई, एकदा तरी म्हणा ना मला — नको जाऊ.