मापाचं पोलकं

४ डिसें.
रेखे, ही वही हातात पडंल तवा आधी चष्मा डोक्यावर चाचपून बघ, तिथंच असतो. मंग वाच. बोलणं तुझ्या मायचं, अक्षर तुझ्या वहिनीचं. मला वाचता येत न्हाई. माझ्या या सुनेनं मधी काय घुसडलं असंल तर सांग.

तीर्थपुरीला आम्हा पाच जणींना हळदीची गाणी म्हणायला बोलावलं. स्टेजवर, माईक लावून. बोलावणाऱ्यांचा हट्ट, सगळ्यांची हिरवी नऊवारी, तीबी शिवलेली, पायजम्यासारखी चढवायची. जन्म गेला नऊवारी नेसण्यात, आता मला शिकवून राह्यलेत.

७ डिसें.
पोलकं आलं. हुक लागंना. सुनेनं श्वास सोडायला लावला, मंग लागलं. आता सोडलेला परत घ्यायचा कुठं?

चूक तुझी, रेखे. जालन्याच्या टेलरला मापाला म्हणून पेटीतलं पोलकं नेलंस, ते तुझ्या लग्नातलं. तवा मी काडी होते. टेलर म्हणतो, "आजी, मापाबराबर शिवलंय." शिलाईत आत कापड सोडलंच न्हाई. उसवून काय करता.

९ डिसें.
तालीम. शेवटची, वरच्या सुरातली ओळ माझी एकटीची, कवापासूनची. आज अर्ध्यात तुटली. घसा ठीक होता, श्वासच पुरला न्हाई. आमची शेजारीण मंगल लगेच, "काकू, वयानं होतं असं. वरची मी घेते."
वयानं म्हणं! कालचं शिवलेलं पोलकं, त्याचं वय कुणी काढंना.

१० डिसें.
घरी जुनं ढगळ पोलकं घालून, पाय पसरून म्हणून पाह्यलं. ओळ आली. पुरी. सून म्हणली, "आत्याबाई, झकास!" पण तिला याच घरात राह्यचंय.

१४ डिसें.
झाला एकदाचा कार्यक्रम. खालचे दोन हुक सोडले, वरून पदर. कमरेला इलास्टिक करकचून. नथ ओठावर, दर शब्दाला आडवी. मला बसून म्हणायची सवय, तर माईकवाला, "आज्जी, उभ्या ऱ्हावा. हलू नका."
वरची ओळ उचलली. चढली बराबर. शेवटाला घसरली, आन् मंगलनं न विचारता झेलली. टाळ्या पडल्या. कुणाला, देव जाणे.
जीपमधी बसल्या बसल्या मंगलनंबी हुक सोडले. "काकू, जीव गेल्ता माझा."
म्हणलं, "मंग तुझी ओळ का न्हाई तुटली गं?"
ती नथ काढाया लागली.

१९ डिसें.
परवा जालन्याहून नवीन बोलावणं आलं. तेच कपडे. मी फोनवर सांगून टाकलं, ढगळ पोलक्यात अन् बसून म्हणीन, न्हाईतर बिलकुल येत न्हाई. "विचारून सांगतो," म्हणले. दोन दिवस झाले, विचारूनच राह्यलेत.

भिंतीपल्याड मंगल माझी ओळ घोटून राह्यली. चांगली म्हणती, मेली. पोलकं तंग का मी थकले, हे एकदा स्टेजवर ढगळ पोलक्यात बसल्याबिगर कळायचं न्हाई. अन् ते बसू देतील तवा ना.

रेखे, डिंकाचे लाडू पाठव, तुपाला हात आखडू नको. मंगलसाठी बरणीभर लोणचं. कैरीचं. चांगलं आंबट.