टोकियोहून आलेलं पत्र

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण कागद घेऊन आज पहिल्यांदाच बसते आहे. नगरला मी चित्रकलेचा क्लास चालवते. काल तिथल्या एका मुलीचे वडील आले होते. पोरीला जपानी कार्टूनचं वेड, तिला तेच काम शिकायचं आहे. त्यांनी सरळ विचारलं, "मॅडम, यात पुढं काही हाय का?" मला एकदम तुम्ही आमच्या ओट्यावर बसलेल्या दिसलात.

श्रीरामपूरच्या मुलींच्या शाळेत तुम्ही चित्रकला शिकवायचात आणि मी बोर्डिंगात राहायचे. आमची काही चित्रं तुम्ही जपानमधल्या मुलांच्या प्रदर्शनाला पाठवली होती. ती पाहून टोकियोतल्या एका बाईंनी तुम्हाला इंग्रजीत पत्र लिहिलं, आणि तुमची मैत्री जमली. त्या कार्टून फिल्मच्या कंपनीत रंग भरायच्या. एकदा त्यांनी पार्सलमधून बारा पारदर्शक शीट पाठवल्या. प्रत्येकीवर तीच धावणारी मुलगी, फक्त हातपाय जरासे हललेले. पुढून रेघ, पाठीमागून रंग. तुम्ही त्या खिडकीच्या उजेडात धरून भराभर उलटल्यात आणि ती पोरगी वर्गात आमच्यासमोर धावली. बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि तास संपल्यावर सगळ्या शीट माझ्या हातात दिल्यात.

मग दुष्काळ पडला. अकरावीचा, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचा, निकाल लागला तेव्हा मी पाथर्डीकडे आमच्या गावी होते. वडील मी लहान असतानाच गेलेले, आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, ती कोरडीच घशाखाली ढकलायची. मी डी.एड. करावं, मास्तरीण व्हावं, एवढंच आईला हवं होतं. आणि एका रविवारी, चर्च बुडवून, दोन एस.ट्या बदलून तुम्ही आलात. मुंबईच्या आर्ट स्कूलचा फॉर्म बरोबर होता, राहायची सोयही केलेली. मी तुमच्याजवळ बिनदुधाचा चहा ठेवला आणि तिथंच बसले.

आई म्हणाली, "बाई, चित्रं काढून प्वाट भरतंय का कुनाचं? तुमी शिकल्याल्या, तुमीच सांगा."

तुम्ही पर्समधून निळं पत्र काढलंत. "माझी जपानची मैत्रीण हेच काम करते. परवाच पत्र आलंय. वाचून दाखवते." आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेलात. तिथं कामाला तोटा नाही. बायकांना मान आहे. शिकलेल्या मुलींना दारातून बोलावून नेतात. असं काम आता सगळीकडे निघणार आहे.

आई खडीनं फुटलेली बोटं चोळत ऐकत होती. "जपानात बी बायाच करत्यात?"

"बायाच."

"मंग जाऊ द्या तिला," आई म्हणाली. तिच्यासाठी ते वाक्य किती जड होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मुंबईत शिकले, आणि पंचवीस वर्षं शीटवर रंग भरले. कधी जाहिराती, कधी परदेशातून आलेलं काम. मजुरी नगावर. काम होतं तेव्हा पाठ मोडेपर्यंत, नव्हतं तेव्हा महिनेच्या महिने काही नाही. तीन कंपन्या माझ्यादेखत बंद पडल्या. शेवटी कॉम्प्युटर आले आणि आमचे ब्रश एका दिवसात निकामी झाले. पंचेचाळिशी उलटल्यावर मी आईकडे परत आले. ते ऐकून तुम्ही भेटायला आलात, काठी टेकत. आईनं पाणीसुद्धा विचारलं नाही. "त्या जपानी बाईनं काय लिवलं हुतं, सांगा की आता!"

तुम्ही उभ्याच होतात. म्हणालात, "तिनं वेगळंच लिहिलं होतं. मी खोटं वाचलं. तिची कंपनी बंद झाली होती, काम गेलेली माणसं कंपनीच्या दारात धरणं धरून बसली होती. ती दुसरीकडच्या शीट घरी आणून रंगवायची आणि तेवढ्यात भागत नव्हतं. या धंद्याचं काही खरं नाही, तुमच्या विद्यार्थिनीला यात पाठवू नका, असं लिहिलं होतं तिनं. पण हिचा हात वाया गेलेला मला बघवला नसता."

आई म्हणाली, "माझ्या लेकीचा जलम तुमी परस्पर खर्ची घातला. पुन्यांदा ह्या दारात यिऊ नका." तुम्ही मान हलवलीत आणि गेलात. मी खाली बघत राहिले. तुमच्या मातीलाही आई आली नाही, आणि तिच्या धाकानं मीही आले नाही.

काल त्या मुलीच्या वडिलांना मी सगळं खरं सांगितलं. जपानची ही चित्रं आज जगभर बघतात, पण ती काढणाऱ्या पोरापोरींना अजून नगावर मजुरी मिळते, निम्मे थकून सोडतात, आणि आता यंत्रच चित्रं काढू लागलंय, पुढचं कुणालाच सांगता येत नाही. ते विचारात पडले. मुलगी मात्र माझ्याकडे रागानं बघत होती. तिला हे आधीच माहीत होतं. तो राग मी लगेच ओळखला.

बाई, त्या दिवशी ओट्यावर मी तुमच्या खांद्याशीच बसले होते. तुमच्या मैत्रिणीचं अक्षर मोठं आणि सुटं होतं. 'कंपनी क्लोज्ड' एवढं माझ्या अकरावीच्या इंग्रजीलाही कळलं होतं. त्याखालची, मला पाठवू नका म्हणणारी ओळही कळली होती. मला जायचं होतं, म्हणून मी गप्प बसले. आई तुम्हाला बोलली तेव्हाही गप्पच राहिले. आई गेली, तिलाही सांगितलं नाही. हा कागदही मी कुणाच्या हाती लागू देणार नाही, इतकी मी अजून भित्री आहे.