अकरा विमानांची विल्हेवाट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याऐंशी, धंदा पूर्वी लढाऊ वैमानिक, हल्ली पेन्शनर, आज पूर्ण शुद्धीवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. युद्धात याहून कितीतरी कमी शुद्धीत मी कागदांवर सह्या केल्या; तेव्हा कोणी दाखला मागितला नाही. कोणाच्या दडपणाला, आग्रहाला किंवा पुतण्याने आणलेल्या फळांच्या टोपल्यांना बळी न पडता मी माझ्यामागची व्यवस्था अशी लावून ठेवतो की :

कलम १. थोरल्या भावाचा मुलगा मोटार शिकवण्याची शाळा चालवतो. तिच्या पाटीवर माझे विमान रंगवलेले असून खाली ‘चौदा शत्रुविमाने पाडणाऱ्या वीराच्या पुतण्याची’ असे लिहिले आहे. सरकारदप्तरी आकडा अकराच आहे. वरची तीन त्याने फूटपाथवर उभे राहून पाडली. त्याला माझी मोटार द्यावी. तिचा ब्रेक लागत नाही, शिकवायला बरी.

कलम २. पदक आणि उरलेली अकरा विमाने. ही विमाने माझी नसल्यामुळे मला ती कोणाला देता येत नाहीत. ती माझ्याकडे कशी आली, तेवढे सांगतो.

आघाडीवर रुजू झालो तेव्हा तिथे मिळालेल्या बनावटीच्या विमानात माझे उड्डाण एकूण अठरा तासांचे होते. तिसऱ्याच दिवशी आम्ही चौघे नवशिके एका बॉम्बरवर तुटून पडलो. चौघांनी गोळ्या झाडल्या, चौघांनी धूर पाहिला आणि उतरल्यावर चौघांनी आपापले एकेक विमान लिहून दिले. संध्याकाळी फळ्यावर चार चढली. शत्रूने पाठवले होते एकच, आणि तेही धुरासकट सुखरूप घरी पोहोचले होते. हे युद्ध संपल्यावर त्यांची दप्तरे उघडली तेव्हा कळले.

तुकडीत मुरलेला वैमानिक एकच. वय सत्तावीस, म्हणून आम्ही त्याला काका म्हणत असू. अडीच वर्षे उडून त्याच्या नावावर दोन विमाने होती. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “अरे, पूर्ण जोर लावून पळतानासुद्धा इंजिन धूर सोडतं. जमिनीवर आदळताना पाहिलंस का?”

मी पाहिले म्हणालो. कसले पाहतो! त्या वेळी मी डोळे मिटून घेतले होते. तुकडीप्रमुखांनी माझी पाठ थोपटली आणि काकाला विचारले की, तुमचा नेम अलीकडे बिघडला आहे का. हे प्रमुख पुढे फार वर चढले. त्यांच्या स्मृतिदिनाला मी एकदाही गेलो नाही. माझ्या पश्चात ही प्रथा मोडू नये.

अशी माझी अकरा झाली. माझ्यासारखे हिरे प्रत्येक तुकडीत होते. वरच्या कचेरीने सगळ्यांची बेरीज केली आणि शत्रूकडे फार तर वीस विमाने उरली असतील, असा निष्कर्ष काढला. म्हणून पूल उडवायला निघालेल्या बॉम्बरांच्या रक्षणाला दोघांनाच पाठवले : काका आणि मी. पुलावर साठ विमाने वाट पाहत होती. आम्ही मारलेली बहुतेक मंडळी जातीने हजर होती. माझ्या मागे लागलेल्या एकाला हुसकायला काका वळला, आणि दुसऱ्याने त्याला गाठले. तो खाली जाईपर्यंत मी पाहिले. खरोखर पाहिले.

कलम ३. राहते घर. काकाची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. चाळीस वर्षांनी मी तिच्या शिवणाच्या दुकानात जाऊन हे सगळे सांगितले. तिने मशीन थांबवले नाही. बाही पुरी झाल्यावर दोरा तोडला आणि म्हणाली, “मला कशाला सांगता? ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना सांगा.” मी मान डोलावली आणि पुढची बावीस वर्षे सत्कार घेत राहिलो. घर तिला द्यावे. तिने नको म्हटले तर काय करायचे ते तिनेच ठरवावे. माझे मत विचारू नये. मी उपलब्ध नसेन.

कलम ४. माझ्या शोकसभेत भाषणे सुरू होण्याआधी कलम दोन, हे मृत्युपत्र ज्यांच्या ताब्यात आहे त्या वकीलबाईंनी मोठ्याने वाचावे. त्यांचा आवाज खणखणीत आहे. पदक टेबलावर ठेवावे. ऐकल्यावरही ज्याला हवेसे वाटेल त्याने ते खुशाल न्यावे.

कलम ५. पुलावरून परतताना मला एक शत्रुविमान एकटेच जाताना दिसले. नवखा असावा, सरळ रेषेत उडत होता, एकदाही मागे वळून पाहत नव्हता. काका गेल्याचा राग होता. मी अगदी जवळ गेलो, इतका की त्याच्या गळ्यातला विणलेला मफलर दिसला, आणि गोळ्या झाडल्या. ते नांगरलेल्या शेतात पडले. मी वर दोन घिरट्या घातल्या. कोणी बाहेर आले नाही.

उतरल्यावर कारकुनाने छापील कागद पुढे करून विचारले, “आज किती?”

“एकही नाही,” मी म्हणालो.

हे विमान त्या अकरांत नाही. मफलर कोणी विणला होता ते मला ठाऊक नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी काही ठेवता येत नाही. सभेत कोणी आकडा विचारलाच, तर एक सांगावा.

हे सर्व मी स्वहस्ते लिहिले असून दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली आहे.

ठिकाण : राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक : नऊ मार्च, सोमवार सकाळ
सही : (वैमानिक, निवृत्त)

साक्षीदार : १. डॉक्टर २. शेजारचे घड्याळजी